डार्लाच्या नावचा महिना

डार्ला टॅकेटला पोटच्या पोरीचा हेवा वाटायचा. आता तुम्ही म्हणाल, आईला कुठे लेकीचा हेवा वाटतो? वाटतो. बोलून दाखवायची पद्धत नाही, एवढंच. ओक्लाहोमातल्या लॉटन गावात कुणालाही विचारा, ते सांगतील की डार्ला म्हणजे सोन्यासारखी बाई. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात मदतनीस आहे, कुणाचा वाढदिवस विसरत नाही, शेजारी मयत झालं तर पहिलं जेवणाचं भांडं तिच्या घरून जातं. सगळं खरं. पण या सोन्यासारख्या बाईच्या पोटात तीन वर्षं कळ उठत होती, आणि त्या कळेचं नाव कॅसिडी होतं. वय वर्षं एकवीस, एकुलती एक मुलगी.

कॅसिडी विद्यापीठात शिकत होती, आणि ते शिक्षण बापाच्या छत्तीस महिन्यांवर चाललं होतं. लायल टॅकेटने बावीस वर्षं तोफखान्यात काढली होती. एवढी नोकरी केलेल्याला सरकार छत्तीस महिन्यांचं कॉलेज देतं. फी आली, पुस्तकं आली, वर राहण्याचा खर्चही. स्वतःला नको असतील तर ते महिने घरच्यांना देता येतात. लायलला पुस्तक दाखवलं की झोप यायची, म्हणून ते महिने लेकीला गेले. लेक दर रविवारी फोन करायची आणि म्हणायची, "मॉम, जीवशास्त्र काय बोअर आहे गं!"

बोअर! डार्लाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या जीवशास्त्रासाठी ती वीस वर्षं तडफडली, ते या बयेला बोअर होत होतं.

डार्लाच्या कपाटात बुटांचं एक रिकामं खोकं होतं. त्यात चार कॉलेजांची चार ओळखपत्रं. पहिल्यावर टेक्सासमधली तेवीस वर्षांची पोरगी, कुरळे केस, हसून हसून डोळे बारीक झालेले. परिचारिका व्हायचं म्हणून नाव घातलं, आणि सहाव्या महिन्यात लायलला जर्मनीचा हुकूम आला. दुसरं ओळखपत्र जर्मनीच्या छावणीतल्या कॉलेजचं. तिथे लायल युद्धावर गेला आणि ती तान्ह्या कॅसिडीला घेऊन एकटी राहिली. तिसरं जॉर्जियाचं. तिथे रसायनशास्त्र पास झाली. चौथं कॅन्ससचं. कॅन्ससवाले म्हणाले, जॉर्जियाचं रसायनशास्त्र आमच्याकडे चालत नाही, पुन्हा बसा. बसली बिचारी. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना ओक्लाहोमाचा हुकूम आला. चार ओळखपत्रं, चार फोटो, प्रत्येकात हसू थोडं थोडं कमी. पदवीचा कागद एकही नाही.

म्हणून कॅसिडी सुट्टीला घरी आली की डार्ला तिची पुस्तकं चोरून वाचायची. हो, चोरून. लेक मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली की ही न्हाणीघराला आतून कडी लावून धड्याखालचे प्रश्न पेन्सिलीने सोडवायची आणि मागची उत्तरं ताडून बघायची. एकदा विसातले एकोणीस बरोबर आले. त्या दिवशी कॅसिडी तिच्या परीक्षेत कशीबशी पास झाल्याची चिठ्ठी आली होती. आईने आनंद मानावा की नाही? मानला. पण कोणत्या गोष्टीचा, ते विचारू नका.

शुश्रूषागृहात केलिन नावाची चोवीस वर्षांची परिचारिका तिची वरिष्ठ होती. मागच्या थंडीत डार्लाने पाहिलं की एका आजोबांची एकच पोटरी सुजून गरम लागतेय. तिने केलिनला सांगितलं. केलिन म्हणाली, "डार्ला डिअर, तू चादरी बदल. पाय मी बघते." केलिनने पाय तिसऱ्या दिवशी बघितला. आजोबांना रुग्णवाहिकेतून नेलं, रक्ताची गुठळी निघाली, नशिबाने वाचले. डार्ला त्या दिवशी कपड्यांच्या खोलीत उभी राहून रडली. आजोबांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त.

आणि मग फेब्रुवारीत कॅसिडी सगळं सामान गाडीत भरून घरी आली.

जेवणाच्या टेबलावर घेवड्याची उसळ आणि मक्याची पोळी होती. पलीकडे छावणीत तोफांचा सराव चालला होता आणि खिडकीच्या काचा थरथरत होत्या. कॅसिडी म्हणाली, "मी सोडलं. मला नाही जमत वर्गात बसायला. मी घोड्यांच्या तबेल्यात काम धरलंय."

लायलने चमचा खाली ठेवला. "बावीस महिने वापरलेस. उरलेल्या चौदांचं काय?"

"मॉमला द्या की. तिलाच हवे होते ना? माझ्या पुस्तकांवर पेन्सिलीने लिहिते आणि नीट खोडतपण नाही."

डार्लाचे कान लाल झाले. आईने रागवायला हवं होतं, शिक्षण सोडणाऱ्या लेकीला चार शब्द सुनवायला हवे होते. ती ताटाकडे बघत राहिली, कारण वर बघितलं असतं तर तिचं हसू दिसलं असतं. चौदा महिने! परिचारिकेचा अभ्यासक्रम जवळजवळ पुरा होतो तेवढ्यात. आहे ते टाकून उठली पोरगी, उठू दे.

पुढचे चार दिवस डार्ला जमिनीवर नव्हती. तिने नवं दप्तर आणलं. केलिनला मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ऑगस्टपासून माझं कॉलेज सुरू होतंय, बरं का." केलिन "अरे वा, छान" म्हणाली. तिचं तोंड जरा उतरल्यासारखं डार्लाला वाटलं, आणि रात्रीचं जेवण तिला फार गोड लागलं.

शुक्रवारी ती लायलला घेऊन गावातल्या कॉलेजात गेली. माजी सैनिकांच्या कामाच्या खिडकीत बसलेली बाई तिला बघून खुर्चीतून उठलीच. "मिस डार्ला! ओळखलंत का? मी मारिसोल! कॅन्ससमध्ये तुमच्या स्वयंपाकघरात यायचे."

डार्लाने ओळखलं. कॅन्ससला असताना तुकडीतल्या जवानांच्या नव्या बायका दर महिन्याला हिच्याकडे कॉफीला जमायच्या आणि ही त्यांना शहाणपण शिकवायची. त्यात हे एक पाठच करून घ्यायची, की कॉलेजच्या महिन्यांची वाटणी नवरा नोकरीत असतानाच करायची, आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावावर निदान एक महिना टाकायचाच. कारण एकदा गणवेश उतरला की नवं नाव घालता येत नाही. ज्याच्या नावावर एक तरी महिना आहे, त्यालाच मागाहून दुसऱ्याचे उरलेले देता येतात.

"तुमचं ते वाक्य मी विसरले नाही," मारिसोल म्हणाली. "एक महिना, प्रत्येकाच्या नावावर. माझ्या नवऱ्याला मी तिथल्या तिथे बसवून भरायला लावलं. म्हणून तर शिकले, म्हणून ही नोकरी. आज तुमचं काम करायला मिळतंय, बघा!"

डार्ला हसली. पण आतून एक बारीक ओरखडा उठलाच. माझ्याच वाक्यावर ही शिकली, आणि मी अजून चादरी बदलतेय.

मारिसोलने संगणक लायलकडे फिरवला. "सर, तुम्ही तुमच्या खात्यात शिरा आणि मुलीचे महिने मिसेसच्या नावावर करा. पाच मिनिटांचं काम आहे."

लायलने दोन बोटांनी टकटक करत खातं उघडलं. पडद्यावर दोन नावं आली. कॅसिडी, शिल्लक चौदा. तिच्याखाली डार्ला. डार्लाच्या पुढे शून्य.

मारिसोलने वाकून बघितलं, मग पुन्हा बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "मिस डार्ला, तुमच्या नावावर... एकही नव्हता टाकलेला?"

"टाकला असणार!" डार्ला म्हणाली. "लायल? टाकला होतास ना?"

लायल पडद्याकडेच बघत होता. "तू नको म्हणालीस."

"मी? मी कधी नको म्हणाले?"

"कॅन्ससला. ओक्लाहोमाचा हुकूम आला त्या संध्याकाळी. मी फॉर्म भरत होतो. तुला विचारलं, तुझं काय? तू भांडी घासत होतीस. म्हणालीस, मला काय करायचंय या वयात, घाल सगळे तुझ्या लाडकीच्या नावावर. मी म्हटलं, बरं."

आणि डार्लाला ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. रसायनशास्त्राचं पुस्तक टेबलावर उघडं होतं, हात फेसात होते, आणि ती रागारागाने तवा घासत होती. नको म्हणाली ती. म्हणजे काय नकोच होतं? अहो, त्या "नको"चा अर्थ होता की मागे ये, ओला हात धर, आणि म्हण, असं कसं नको, तुझं शिक्षण माझ्यामुळे चार वेळा मोडलं, निम्मे तुझे. तिला आग्रह हवा होता. तो "बरं" म्हणाला आणि बटण दाबून मोकळा झाला. बावीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस, त्याने हाही पाळला. आणि जगाला एक महिना शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात डोकावून बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काहीच करता येणार नाही?" तिने विचारलं.

मारिसोलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सर नोकरीत असते तर एका मिनिटात केलं असतं. आता नाही हो. ते चौदा महिने मुलगीच वापरू शकते, नाहीतर सर स्वतः."

घरी आल्यावर डार्लाने नवं दप्तर कपाटात बुटांच्या खोक्यावर ठेवलं आणि दार जोरात लावलं.

पुढचा आठवडा घरात काचा सांडल्यासारखे सगळे जपून चालत होते. कॅसिडी एकदा स्वयंपाकघरात आली आणि कट्ट्याला टेकून उभी राहिली. "मॉम, रागावू नकोस. घोड्यांना नाल ठोकायची एक शाळा आहे. बाबांचे महिने तिथेही चालतात. मी नाव घालू?"

डार्ला कांदा चिरत होती. घोड्यांच्या खुरांसाठी सरकार पैसे देणार, आणि तिच्यासाठी नाही! तिने सुरी खाली ठेवली. "कॅसिडी, खरं सांगू? मी तुझ्यावर जळते. तीन वर्षं जळतेय. तू नापास व्हावीस असंही एकदा मनात आलं होतं माझ्या."

"मला माहितीय," कॅसिडी म्हणाली.

"माहितीय?"

"त्या पेन्सिलीच्या उत्तरांखाली तू जोरात रेघा मारल्या होत्यास. कागद फाटला होता मॉम."

मग डार्लाला हसू फुटलं, रडू पण फुटलं, आणि कांद्याचं निमित्त होतंच. "घाल नाव," ती म्हणाली. "निदान ही शाळा तरी पुरी कर. अर्धवट सोडून आलीस तर मीच तुला नाल ठोकीन."

रविवारी लायल अंगणात त्याच्या बोटीशी उभा होता. मासेमारीची लाल बोट, ट्रेलरवर. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःसाठी घेतलेली एकच वस्तू. दर शनिवारी तो ती तळ्यावर न्यायचा, आणि डार्लाला त्या बोटीचाही हेवा वाटायचा, कारण तिच्यावरून हात फिरवताना तो कधी घाईत नसायचा. आज मात्र त्याने ताडपत्री काढली होती आणि तो नुसताच उभा होता. डार्ला कॉफी घेऊन आली. त्याने कप घेतला, पण प्यायला नाही.

"ही विकू का?" तो म्हणाला. "तुझ्या पहिल्या वर्षाची फी निघेल. मारिसोलला विचारलंय मी."

डार्लाच्या जिभेवर "नको" आलंच होतं. नको रे, तुझी आवडती बोट, मला काय करायचंय या वयात. सगळं वाक्य तयार होतं, वीस वर्षांच्या सवयीचं. ओठ उघडलेही होते. तेवढ्यात तिने त्याच्याकडे बघितलं. टोपी हातात घेऊन, कान लाल करून तो उत्तराची वाट बघत होता, आणि तिला ठाऊक होतं की हा माणूस एकदाच विचारतो.

"विक," ती म्हणाली. "ट्रेलरसकट."

"बरं," लायल म्हणाला, आणि खिशातून फोन काढून बोटीचा फोटो घ्यायला मागे सरकला.