नात्याचा रकाना

ड्यूटीवाल्या मावशीला आमच्या वस्तीत कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. चहा ती उभ्याने प्यायची, भाजी उभ्याने निवडायची, आणि कोणाच्या घरी दुःखाच्या प्रसंगी गेली तरी दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहायची. कोणी ‘बसा’ म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असे : “बसलं का पाय इचारते, आता झोपू का?” रायपूरच्या रेल्वे दवाखान्यात आयाची नोकरी करून ती निवृत्त झाली होती. नोकरी सुटली, ‘ड्यूटीवाली’ हे नाव मात्र सुटलं नाही. बोलता बोलता ती आपल्याच खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहायची आणि ऐकणाऱ्याची मान दुखायला लागायची.

मला ती ‘कॉलेज’ म्हणायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करतात. आई कामावर जात नाही, पण तिला घडीभर रिकामं बसलेलं मी पाहिलेलं नाही. माझं कॉलेज नवा रायपूरला, आणि तिकडे जाणाऱ्या बसचा काही भरवसा नसतो. सकाळी मी स्टॉपवर ताटकळत असले की दूध आणायला निघालेली मावशी रस्त्यापलीकडून ओरडायची, “ए कॉलेज! बस नाई आली तं मास्तर काय घरी येऊन राहिला का तुले शिकवाले?” सगळा स्टॉप हसायचा.

इंग्रजी छापलेलं काहीही हातात आलं की ती माझ्याकडे घेऊन यायची. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, मिक्सरचं पुस्तक, बँकेचं पत्र. “वाच.” मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण तसं सांगायला लाज वाटायची. मी कळल्यासारखं वाचायचे आणि ती कळल्यासारखं ऐकायची. पुढे जे झालं त्याची सुरुवात मला वाटतं तिथेच झाली.

मावशीची प्रज्ञा कॅनडात नर्स आहे. नवराही तिकडेच. तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी फार हिंडाफिरायचं नाही म्हणून सांगितलं. ती फोनवर रडली. “आई, तुम आ जाओ बस.” आमच्या पिढीतल्या पुष्कळांसारखी प्रज्ञादीदी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. त्याच संध्याकाळी मावशी कागदांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन आमच्या घरी आली आणि ती माझ्या लॅपटॉपवरच ठेवून म्हणाली, “भर.”

पाहुणी म्हणून जाण्याचा व्हिसा असतो, त्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, एवढंच मला माहीत होतं. दोन दिवस मी तो नुसताच वाचला. मग ब्राह्मणपाऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात सगळे कागद स्कॅन करून घेतले. मावशीचा पासपोर्ट, पेन्शनचं पुस्तक, प्रज्ञादीदीचं आमंत्रणपत्र, तिच्या पासपोर्टची प्रत. ‘परत का याल?’ अशा अर्थाचा एक प्रश्न होता. मावशी चालता चालता म्हणाली, “विहाराची चावी माह्याजवळ हाय. मी नाई आली तं पौर्णिमेची वंदना काय बाहेरून करतीन?” मला ते अर्जात लिहिण्यासारखं वाटलं नाही. मी लिहिलं : घर आहे, पेन्शन आहे.

मग नात्याचा रकाना आला. जिला भेटायला जाता ती व्यक्ती तुमची कोण? मी ‘मुलगी’ टाइप केलं आणि पुढे गेले. विचारलंसुद्धा नाही. लहानपणापासून मी प्रज्ञादीदीला तिला ‘आई’ म्हणतानाच ऐकलं होतं. तुमची आई तुमची आई आहे का, असं कोण विचारतं?

बोटांचे ठसे द्यायला कोलकात्याला जावं लागलं. मी सोबत गेले. केंद्रावरच्या यंत्राला मावशीच्या बोटांवरच्या रेषा सापडेनात. वर्षानुवर्षं फिनाइलमध्ये हात घालून त्या झिजून गेल्या होत्या. तिथल्या मुलीने बोटं पुसली, दाबली, पुन्हा पुसली. तिसऱ्या वेळी काम झालं. “पहा,” मावशी बाहेर येऊन म्हणाली, “इतके दिवस फरशी पुसली, अन् पुसून गेली मीच.” आणि हसली. मला हसू आलं नाही.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. दिवसातून तीनदा ती दारात यायची. “आलं का?” नाही म्हटलं की तिथेच एक फेरी मारून जायची. मीही वर्गात बाकाखाली फोन धरून तेच पान पुन्हा पुन्हा उघडायचे. प्रज्ञादीदीचे दिवस भरत आले होते, आणि मला स्वतःच्याच घरचं कोणी अडकल्यासारखं होत होतं.

मग उत्तर आलं. नकार. सांगितलेलं नातं जोडलेल्या कागदांशी जुळत नाही, असं त्यात होतं. मी ते चार वेळा वाचलं. मग प्रज्ञादीदीच्या पासपोर्टची प्रत उघडली. शेवटच्या पानावर आईचं नाव असतं. तिथे मावशीचं नाव नव्हतं. ते पान मीच स्कॅन केलं होतं, मीच जोडलं होतं. पाहिलं नव्हतं.

मी धावतच तिच्याकडे गेले. ती दोरीवर कपडे टाकत होती. मी नाव वाचून दाखवलं.

“हव,” ती म्हणाली. “ते गोंदियावालीचं नाव हाय. माह्या धाकट्या जावेचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! पैदा तिनं केली, वाढवली मी.”

एकेक कपडा झटकत तिने सांगितलं. बाळंतपणानंतर जावेला टीबी निघाला. लेकराला जवळ ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. बावन्न दिवसांची प्रज्ञा तिने दुधाच्या बाटलीसकट गाडीतून रायपूरला आणली. जाऊ पूर्ण बरी होऊन न्यायला आली तेव्हा पोर तीन वर्षांची झाली होती. “पलंगाखाली जाऊन बसली अन् रडाले लागली, मी नाई जात म्हणून. गोंदियावालीनं च्या पेला अन् रिकाम्या हातानं गाडीत बसली. ते मी इसरली नाई कधी.” प्रज्ञादीदी तिला काकू म्हणते. दत्तकाचा कागद केला का, असं मी विचारलं, तर मावशी माझ्याकडे पाहतच राहिली. “घरातल्या घरात कागद कोण करते व पोट्टे?”

मी म्हणाले, “मावशी, चूक माझी आहे.”

“तू इचारलं नाई, मी सांगतलं नाई. अर्धी अर्धी.” मग आपली बोटं पाहत म्हणाली, “बोटं पास झाले, नातं नापास झालं. काय जमाना हाय!”

वस्तीत सल्ल्यांचा पाऊस पडला. सगळ्यात सोपा सल्ला सगळ्यांनाच सुचला : कागदावर आई गोंदियावाली आहे ना, मग तिलाच पाठवा. त्यानंतर दोन दिवस मावशीची खोलीतली चाल थांबली होती, आणि मला त्याचीच भीती वाटली. तिसऱ्या दिवशी गोंदियाच्या काकूचा फोन आला. तिने एवढंच सांगितलं, “बाई, मी नाई जात. तिले तुमची गरज हाय.”

म्हणजे दुसरा अर्ज करायचा होता, आणि या वेळी नात्याच्या रकान्यात ‘पुतणी’ लिहायचं होतं. प्रज्ञादीदीलाही तिच्या आमंत्रणपत्रात तेच लिहावं लागणार होतं. तिने साफ नकार दिला. फोन स्पीकरवर होता.

“मैं नहीं लिखूँगी. आंटी कौन? मेरी आई है वो.”

“पोट्टे, त्यायले नातं नाई पायजे, कागद पायजे. देऊन टाक न त्यायचा त्यायले.”

“आई, तुम समझ नहीं रही हो.”

“मले सगळं समजून राहिलं.”

“तो फिर मत आओ!”

मग मावशी म्हणाली, “येईन. तू रागावली तरी येईन. लेकरू खाली सरकलं का, ते सांग पयले.”

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. त्यात प्रज्ञादीदीने लिहिलं होतं : माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची पत्नी. बाकी एक शब्द नाही.

जोडीला एक शपथपत्र हवं होतं. त्यासाठी गोंदियाची काकू सकाळच्या गाडीने आली, जवसाच्या चटणीचा डबा घेऊन. वकिलाने हिंदीत मजकूर लिहून दिला होता. मी तो आमच्या घरी मोठ्याने वाचला. ‘मैं उसकी जन्मदात्री माता हूँ’ इथे आले तेव्हा काकूने मला थांबवलं.

“बाई,” ती मावशीला म्हणाली, “एवढं वाक्य खोडता नाई येत का?”

“काहून? खोटं हाय का?”

“खोटं नाई. पण मी कधी म्हटलं नाई न.”

मावशी खिडकीशी होती. बाहेर पाहतच म्हणाली, “मंग आज म्हण. मले बी आज पयल्यांदाच सांगा लागून राहिलं का मी तिची कोणी नोहो.”

काकूच्या डोळ्यांतलं पाणी शपथपत्रावर पडेल म्हणून मी कागद बाजूला ओढला. दुपारी वकिलासमोर दोघींनी सह्या केल्या. बाहेर पडताना मावशी म्हणाली, “लग्नात कोणी सही घेतली नाई आपली. आज कसर भरून निघाली.” काकू पदर तोंडाशी धरून हसली, आणि मग बराच वेळ पदर तिथेच राहिला.

सोबतचं पत्र मात्र मावशीने स्वतः सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. ‘मी तिला आईसारखी वाढवली’ असं मी लिहू पाहत होते. तिने अडवलं. “‘सारखी’ नको लिहू. सारखी म्हटलं का संशय येते. जे झालं ते लिही.” म्हणून त्यात एवढंच आहे : ती बावन्न दिवसांची असताना माझ्याकडे आली. मी तिच्या वडिलांची मोठी वहिनी. तिच्या बाळंतपणाला जाते आहे. विहाराची चावी माझ्याजवळ आहे, म्हणून परत येईन. या वेळी प्रत्येक ओळ मी तिला मराठीत परत वाचून दाखवली. जिथे मला शब्द येत नव्हता, तिथे ‘येत नाही’ म्हणाले. ती म्हणाली, “बरं झालं. आतापावतर मले वाटे मीच अडाणी.”

पुन्हा वाट पाहणं. विमानतळावर साहेब विचारेल म्हणून ती ‘नीस’, म्हणजे पुतणी, या इंग्रजी शब्दाचा सराव करायची. मी साहेब व्हायचे. “हू आर यू व्हिजिटिंग?” कडू गोळी पाण्याशिवाय गिळावी तसं ती झटकन म्हणायची, “नीस.” आणि लगेच चालायला लागायची.

व्हिसा आला तेव्हा बाळ नऊ दिवसांचं झालं होतं. मुलगा. ही गोष्ट मला अजून टोचते. मी एक रकाना विचारून भरला असता तर ती वेळेवर पोचली असती. मावशीने कधी तसं बोलून दाखवलं नाही, आणि त्यामुळे जास्तच टोचते.

पोचल्यावर तिचा फोन आला. मी विचारलं, “विचारलं का साहेबाने?”

“इचारलं. म्हटलं.”

“मग?”

“मंग काई नाई. ठप्पा मारला. बाहेर आली तं पोट्टी लेकराले घेऊन उभी. मी म्हटलं, पयले टोपी घाल त्याले.”

पाच महिन्यांनी, मुदतीच्या आत, ती परत आली. वस्तीतले लोक आता माझ्याकडे अर्ज घेऊन येतात. शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे, क्वचित पासपोर्टचेही. मी आधी पेन खाली ठेवते आणि विचारते. कधी कधी लोक वैतागतात, ‘एवढं काय विचारतेस?’ म्हणतात. मी तरी विचारते.

गेल्या महिन्यात मावशी गोंदियाला गेली. दीर, म्हणजे काकूचा नवरा, आजारी असतो, त्याचं पथ्यपाणी पाहायला कोणी हवं. किती दिवस, ते तिलाही माहीत नाही. विहाराची चावी माझ्या आईकडे दिली आहे. जाण्याआधी तिने माझ्याकडून एक काम करून घेतलं. रविवारी ती दारात उभी राहिली तेव्हा मागे गोंदियाची काकू होती, संकोचून.

“हिचा भर,” मावशी म्हणाली. “नातवाले पाहाले जाऊन राहिली. हिचे कागद सगळे जुळते, तुले तरास नाई.”

“बाई, यांचं पथ्य, घर...” काकू पुटपुटली.

“मी हाओ न तिथं.”

मी भरत गेले. नाव, गाव, जन्मतारीख. नात्याच्या रकान्याशी थांबले आणि सवयीप्रमाणे विचारलं, “काय लिहू?” काकूने मावशीकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाली, “लिही काईबी.”

“काईबी कसं?” मावशी म्हणाली. “मुलगी लिही. काहून थांबली व कॉलेज? इंग्रजी इसरली का?”

मी लिहिलं. काकू पडद्याजवळ वाकली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. “कोणतं ते?” तिने विचारलं. मी त्या शब्दाखाली बोट ठेवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मी मान वर केली, तर मावशी चपला घालून बाहेर पडत होती. “तुम्ही पुढचं भरा,” ती गल्लीतूनच म्हणाली, “मी आली.”