माझ्या औषधाचे सात बळी

लोणावळ्याच्या आमच्या घरी एका सुट्टीत माझ्या हातून सात मासे मेले. त्यांच्याशी माझं काहीच वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते कुसुमताईशी.

कुसुमताई माझी मामेबहीण. मुंबईला कॉलेजात शास्त्र शिकायची. मावळातल्या झाडपाल्याच्या अर्कानं जंतू मरतात का, हे बघायला ती काचेच्या बशांची पेटी घेऊन आली आणि घरात माझं अस्तित्वच संपलं! चिक्कीचा मोठा तुकडा तिला, खिडकीजवळची जागा तिला. आई उठताबसता म्हणे, "बघ, कुसुम कशी घडाघडा बोलते! नाहीतर तू. एवढी इंग्रजी शाळेत घातली, पण तोंड म्हणून उघडत नाहीस."

मलाही मुंबईला शास्त्रच शिकायचं होतं. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "आधी कुसुमच्या हाताखाली काम कर. झेपतंय असं दिसलं तर पाठवतो."

हाताखाली! (म्हणजे बाटल्या धुवायच्या.)

कुसुमताई बशीत खळीसारखा रस थिजवायची, त्यावर नळीतले जंतू पसरायची आणि मधोमध अर्काचा थेंब टाकायची. मग बशा उबेसाठी चुलीवरच्या फळीवर. थेंबाभोवती जंतू वाढले नाहीत, तर अर्क गुणी. शिवाय तो विषारी नको, म्हणून चार थेंब माशांच्या पाण्यात. मासे कार्ल्याची सखूमावशी ओढ्यातून आणून द्यायची.

मी ठरवलं, हिच्यावर ताण करायची! थिजवलेली एक बशी लांबवली, घाणेरीचा पाला वाटला, मधोमध थेंब टाकला आणि बशी शालीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण. आई दुधात, दह्यात, लोणच्यात तुळशीपत्र टाकत टाकत फळीपाशी आली. "हे जंतूंचं खाणं ना? म्हणजे खाणंच की!" असं म्हणत तिनं कुसुमताईच्या आठही बशांची झाकणं उचलली आणि प्रत्येकीत एकेक पान ठेवलं.

मी दारातच उभी होते. पण मी मुळातच अबोल! (इतका सुखाचा अबोला मी जन्मात धरला नव्हता.)

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सात मासे बादलीत घेतले. चार थेंब कसले? चांगला वाटीभर अर्क ओतला! तेवढ्यात स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

"आत्या! बशांत बुरशी! हे काय टाकलंत?"

"तुळस. ग्रहणाचं नको का?"

कुसुमताई रडकुंडीला आली. मी धावत जाऊन माझी बशी आणली. आरशासारखी स्वच्छ! त्या घरात मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "अण्णा, बघा! थेंबाभोवतीच काय, अख्ख्या बशीत एक जंतू नाही!"

अण्णांनी चष्मा लावला. आई बघतच राहिली. कुसुमताईनं बशी उजेडात धरली.

"शांते, जंतू कुठल्या नळीतले घातलेस?"

"जंतू?"

"घातलेस ना?"

मी पुन्हा अबोल झाले.

एवढ्यात मागच्या दारातून सखूमावशी ओरडली, "कुनाची गं ही बादली? समदं मासं उताणं पडल्यात! लय जालीम हाय बाई औशिद!"

कुसुमताईचे डोळे अजून ओले होते, तरी तिला हसू आवरेना. "मारायचे ते घातलेच नाहीस, आणि जगवायचे ते मारलेस!"

अण्णांनी चष्मा काढून ठेवला. "हिला इंग्रजी वाङ्मय घेऊ दे. त्यात निदान कुणी मरत नाही."

(अण्णांनी इंग्रजी नाटकं वाचलेली नव्हती. मी तेव्हाही काही बोलले नाही.)