शिक्क्याची पुस्तकं

आकाराम शेडगे कोयनानगरच्या सरकारी कॉलनीत क्लबाचा शिपाई होता. कॅरमच्या सोंगट्या मोजून डब्यात ठेवायच्या, टेबल टेनिसच्या खोलीला कुलूप लावायचं, साहेब लोक पत्ते खेळायला बसले की चहा आणून द्यायचा, असं त्याचं काम. क्लबाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्याला हात लावायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिली दोन वर्षं त्याने लावला नाही. तिसऱ्या वर्षी तिथलं छत गळायला लागलं. कपाट सरकवायचं तर आधी रिकामं करायला हवं, म्हणून त्याने दार उघडलं.

आत पुस्तकं होती. बारकी, पंजात मावणारी, सगळी इंग्रजी. पण वरची चित्रं अशी की तो जागीच उकिडवा बसला. तांबड्या आभाळातून उतरणारी तबकडी, डोक्यावर काचेचं भांडं घातलेली बाई, दोन चंद्रांचं वाळवंट. खालच्या कप्प्यात चित्रकथांचे गठ्ठे होते, काही मराठी, काही इंग्रजी. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर निळा गोल शिक्का: कोयना क्लब ग्रंथलय. ‘ग्रंथालय’मधला काना राहिला होता, हे आकारामच्या त्याच दिवशी ध्यानात आलं. मधोमध समईसारखं काहीतरी होतं.

आकाराम दहावीला इंग्रजीतच नापास झालेला. चित्रकथा त्याने महिनाभरात संपवल्या, मराठी वाचून आणि इंग्रजी बघून. मग मात्र त्याला राहवेना. त्याने कराडहून शब्दकोश आणला आणि एक पातळसं पुस्तक धरलं. चंद्रावर घरोघरी टपाल वाटणाऱ्या एका माणसाची गोष्ट होती ती. दुपारी क्लबात चिटपाखरू नसायचं. तो शब्द शोधायचा, ओळीवर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात अर्थ लिहायचा आणि पुढच्या शब्दाकडे जायचा. पहिलं पुस्तक संपायला अकरा महिने लागले, दुसरं पाच महिन्यांत झालं. पुढे पुढे शब्दकोशाची गरज दिवसातून दोन-चारदाच पडू लागली. बोलायला मात्र त्याला एक वाक्य जमत नसे. कॉलनीत कुणाला पत्ता नव्हता की चहा आणणारा हा माणूस इंग्रजी कादंबऱ्या वाचतो.

मग एक नवे साहेब आले. त्यांनी क्लब पाहिला आणि म्हणाले, “मागची खोली रिकामी कर. कपाट स्टोअरला पाठव, आतला कचरा जाळून टाक.”

आकारामने जुनी वर्तमानपत्रं जाळली. पुस्तकं पोत्यात भरली आणि सायकलवरून चार खेपांत घरी आणली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत आणली. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण दीड महिन्याने त्याच्याच बरोबरीच्या धनाजीला कामावरून घरी बसवलं. धनाजीने टाकून दिलेली एक मोडकी खुर्ची घरी नेली होती. कुणीतरी कळवलं, चौकशी लागली आणि सहा महिने बिचारा बिनकामाचा हिंडला. त्या दिवशी आकाराम घरी आला, त्याने पोती माळ्यावर सरकवली आणि वरून गवताचे भारे टाकले. जाळ म्हणून सांगितलेलं त्याने जाळलं नव्हतं. त्याच्याकडे कसला कागद नव्हता. पुस्तकांवर शिक्का मात्र होता.

ही भीती तीस वर्षं टिकली. तिच्यासोबत नादही टिकला. सुट्टीला तो कराडला, साताऱ्याला, वाईला जायचा आणि रद्दीवाल्यांच्या ढिगात बसायचा. रद्दीवाले त्याला ओळखू लागले. “आला बघा विमानवाला,” म्हणायचे आणि बाजूला काढलेला गठ्ठा पुढे करायचे. विकत आणलेली पुस्तकं तो बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवी. भूकंपाचा भाग, म्हणून फळीला पुढून आडवी पट्टी ठोकलेली. पावसाळ्यात कोयनेच्या हवेला सगळ्याला बुरशी धरते, तेव्हा तो एकेक पुस्तक खताच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत वेखंडाचा तुकडा टाकायचा. शिक्क्याची पुस्तकं मात्र माळ्यावरच. तीही तो वर्षातून एकदा खाली काढी, दार लावून पुसे आणि पुन्हा वर ठेवी.

बायको रंगूबाई बघायची. तिने एवढंच विचारलं होतं, “आवं, वरच्यांस्नी येगळं का ठेवताय?”

“ती पावण्यांची हायत,” तो म्हणाला होता.

तो निवृत्त झाला, पेन्शन सुरू झाली. मुलगी पूजा शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. गेल्या दिवाळीला ती घरी आली आणि माळा झाडायला चढली. आकाराम नेमका गावात गेला होता. परत येऊन बघतो तर सगळी पुस्तकं अंगणात उन्हाला मांडलेली आणि पूजा मोबाइलवर फोटो काढतेय.

“आबा, असला खजिना लपवून ठेवलाय व्हय?” ती म्हणाली. “जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांचा एक ग्रुप हाय. मी टाकलं बी त्यावर. लोक येडं झाल्यात बघून.”

तो पुस्तकं गोळा करू लागला.

तिसऱ्या दिवशी पूजा शिरवळला परत गेली आणि तिथून तिचा फोन आला. “आबा, एकांचा निरोप आलाय. वाचून दाखवते. ‘ही पुस्तकं कोयनेच्या क्लबातली आहेत. शिक्का ओळखला. ती सध्या कुणाच्या ताब्यात आहेत ते कळवावं. मला प्रत्यक्ष यायचं आहे.’ खाली नाव हाय, अ‍ॅडव्होकेट जिनदत्त उपाध्ये, सांगली.”

“वकील?” आकाराम म्हणाला.

“व्हय. मी आपला पत्ता दिला. रविवारी येतो म्हणालेत.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. ताब्यात हा शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. धनाजीला आलेल्या कागदातही तोच शब्द होता. पेन्शन बंद झाली तर पूजाच्या लग्नाचं काय, आणि गावात काय तोंड दाखवायचं, एवढ्याभोवतीच त्याचं मन फिरत राहिलं.

शुक्रवारी रंगूबाई रानात गेल्यावर त्याने पोती खाली काढली. दाढीचं पातं घेतलं. प्रत्येकाचं पहिलं पान कापलं की शिक्का गेला, मग कोण काय म्हणणार? त्याने वरचंच पुस्तक उघडलं. ते चंद्रावरच्या टपालवाल्याचं निघालं. पहिल्या पानावर शिक्का होता आणि त्याच पानाच्या मागे गोष्ट सुरू होत होती. ओळींवर त्याचंच तेव्हाचं वेडंवाकडं अक्षर होतं. त्याने पातं पानाच्या कडेला टेकवलं. मग उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी त्याने ते कागदात गुंडाळून मोरीच्या फळीवर ठेवून दिलं.

रंगूबाई आली तेव्हा तो तसाच पुस्तकांत बसलेला होता. त्या दिवशी त्याने तिला सगळं सांगितलं. पाहुण्यांची म्हणजे कुणाची, ते पहिल्यांदाच.

तिने डोक्यावरचा भारा उतरवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, “एवढंच व्हय? मला वाटायचं काय इपरीत हाय. जाळायचं ते न्हाई जाळलं. इचारलं तर खरं सांगा आन् देऊन टाका. तीस वरसं राखण केलीसा, त्येची काय शिक्षा देणार हायती?”

रविवारी अकराच्या सुमाराला गाडी आली. घाटातल्या वळणांनी वकिलांचा चेहरा उतरलेला. साठीच्या आत-बाहेरचा सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. रंगूबाईने पाणी दिलं. ते खाली बसायच्या आतच आकारामने पोत्यांतली पुस्तकं भरलेल्या दोन ट्रंका पुढे ओढल्या.

“साहेब, सगळी हायत,” तो म्हणाला. “एकशे त्रेचाळीस. एकबी गहाळ न्हाई. साहेबांनी जाळ म्हणून सांगितलं हुतं, म्या जाळली न्हाईत. घरी आणली. चुकलं आसंल तर चुकलं. तुमी घेऊन जावा, फकस्त पेन्शनला धक्का लावू नगा.”

जिनदत्त उपाध्ये त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी ट्रंक उघडली. वरचं पुस्तक घेतलं, पहिलं पान उलटलं. शिक्क्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“आकारामभाऊ, हा शिक्का तुम्ही कधी नीट बघितलाय?”

“वरसानुवरसं बगत आलोय.”

“ह्यात एक काना नाही.”

“व्हय. ते ठावं हाय मला. सरकारी मानसाच्या हातनं ऱ्हायला आसंल.”

“आणि मधे काय आहे?”

“समई हाय.”

“समई नाही ती. रॉकेट आहे.” वकिलांना हसू आलं. “मी काढलं होतं. तेव्हा मी चौथीत होतो. काना मीच खाल्ला. माझ्या बहिणीनं आणि मी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं लागून कराडच्या शिक्केवाल्याकडून करून घेतला हा. त्यानं मी लिहून दिलं तसंच कोरलं. आम्ही दोघं ग्रंथालय-ग्रंथालय खेळायचो.”

आकारामला आधी उमगलंच नाही. वकिलांनी मग सावकाश सांगितलं. त्यांचे वडील वीजगृहात अभियंता होते. पुण्याला गेले की जुन्या बाजारातून ही पुस्तकं पिशव्या भरभरून आणायचे. घरात जागा नव्हती, म्हणून क्लबाने मागच्या खोलीत त्यांना एक कपाट दिलं. पुस्तकं त्यांची स्वतःची होती. सरकारने त्यातलं एकही घेतलेलं नव्हतं आणि कुठल्या यादीत त्यांची नोंद नव्हती. पुढे बदलीचा हुकूम आला. सामान फार झालं, आई म्हणाली की आधी भांडी जातील, मग जागा उरली तर कागद. कपाट मागेच राहिलं. नंतर आणू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

“मजी ही सरकारी न्हाईत?” आकारामने विचारलं.

“कधीच नव्हती.”

आकाराम भिंतीला टेकला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आतून रंगूबाईचा आवाज आला, “बगा. मी म्हनलं न्हवतं?” तो उत्तर द्यायला गेला, पण त्याला नुसतं हसूच येत राहिलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्याने पुसलंही नाही.

वकील मात्र आता हसत नव्हते. हातातल्या पुस्तकाकडे बघत ते म्हणाले, “माझंही एक ओझं होतं. दोन वर्षांपूर्वी दादा गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना बाकी काही आठवत नव्हतं, पण हे कपाट आठवायचं. जिनू, माझी पुस्तकं कुठं आहेत, रोज विचारायचे. मी चौकशी केली होती. क्लब बंद झाला, खोली साफ केली, सगळं जाळलं, असं कळलं होतं मला. त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, दादा, आहेत. एका माणसानं नीट जपून ठेवलीत. ते ऐकून झोपायचे. कोर्टात इतकी वर्षं काढली, पण मरणाऱ्या बापाशी खोटं बोललो हे मनातून जात नव्हतं. आम्हा जैनांत दरवर्षी क्षमा मागतात सगळ्यांची. दोन वर्षं मी त्यांच्या फोटोपुढं उभा राहून मागितली. आणि परवा मोबाइलवर तो शिक्का दिसला.”

“मजी तुमी खरंच बोलला हुता,” आकाराम म्हणाला.

“हो. मला ठाऊक नव्हतं, एवढंच.”

रंगूबाईने जेवायचं विचारलं. ते कांदा-लसूण खात नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, “मग भाकरी, दही आन् तिळाची चटनी. चालंल न्हवं?” चाललं. जेवताना दोघं पुस्तकांवरच बोलत होते. वकिलांनी एखाद्या चित्राची खूण सांगायची आणि आकारामने ती गोष्ट मराठीतून पुरी करायची. वकिलांनी घास हातात धरून विचारलं, “तुम्ही हे सगळं वाचलंत?” पेन्सिलीच्या ओळी बघितल्यावर त्यांनी ते पुस्तक कपाळाला लावलं.

निघायच्या वेळी आकाराम ट्रंका उचलू लागला, तर वकिलांनी त्याचा हात धरला. “माझ्या घरात कृष्णेचं पाणी दोनदा शिरलंय. कमरेइतकं. तिथं नेऊन काय करू? इथंच असू द्या. मी येत जाईन वाचायला.”

आकाराम मान हलवून मोकळा झाला असता, पण रंगूबाई पुढे आली. “आवं साहेब, तेवढं कागदावर लिवून द्या. ह्येंचा जीव पुन्यांदा टांगनीला नगं.”

वकिलांनी पिशवीतून कोरा कागद काढला. वडिलांच्या मालकीची ही पुस्तकं आपण राजीखुशीने आकाराम शेडगे यांना दिली, असं दोन ओळींत लिहून खाली सही केली. साक्षीदार म्हणून रंगूबाईने आपलं नाव लिहिलं. त्याला थोडा वेळ लागला. गाडी त्यानंतर निघाली.

दुसऱ्याच दिवशी आकारामने सुताराला बोलावून बाहेरच्या खोलीत तीन नव्या फळ्या मारून घेतल्या. शिक्क्याची पुस्तकं रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशी लावली. संध्याकाळी धनाजीला घरी बोलावून चहा पाजला आणि सगळी हकिगत सांगितली. धनाजी म्हणाला, “लय झ्याक झालं गड्या. माजी खुर्ची मातूर सरकारीच हुती.”

वकिलांनी जाताना एकच पुस्तक नेलं होतं. बदलीच्या दिवशी ते वाचत होते आणि शेवटची चाळीस पानं राहिली होती. आठवड्याने त्यांचा फोन आला.

“आकारामभाऊ, संपलं एकदाचं. चव्वेचाळीस वर्षं वाट बघितली, आणि शेवट हा असला?”

“व्हय,” आकाराम म्हणाला. “म्या बी तवा दोन दिस जेवलो नव्हतो, एवडा वैतागलो हुतो. तुमची वाचायची मजा जाऊ नगं, म्हणून बोललो न्हाई.”