आम्ही आईला दुबई दाखवली

दुबईहून लोक खजूर आणतात. आम्हीही आणला, तो आठवड्यात संपला. किस्से मात्र संपायला तयार नाहीत. आमच्या दादाला रत्नागिरीत कुणी नुसतं "कसा झाला प्रवास?" म्हटलं की तो तासभर सोडत नाही, आणि जे तो गाळतो ते ऐकायला लोक माझ्याकडे येतात. मी त्याची धाकटी बहीण. मला सांगायला आवडतं.

गेलो होतो सातजण. आई, दादा, वहिनी, त्यांचा सुजित, सुजितची बायको, त्यांची पाच वर्षांची पोर आणि मी. निघायच्या आधीच दादाने बंदरावर बॅनर लावला, 'चार पिढ्या परदेशात'. त्यात दादा माणसाएवढा आणि आई कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी. खरं तर हे घर आईने उभं केलं. चाळीस वर्षं बाजारात बसून मासे विकले तिने. निघताना तिने एकच मागितलं, तिकडचा मासळीबाजार बघायचा. दादा म्हणाला, "शेवटच्या दिवशी नक्की." तो शब्द मी लक्षात ठेवला होता.

* * *

पहिल्या दिवशी त्या उंच टॉवरवर गेलो. म्हणजे सहाजण गेलो. आईला उंचावर चक्कर येते असं वहिनीने ठरवलं. आईला कुणी विचारलं नाही. तिला खाली बाकड्यावर बसवलं आणि सगळ्यांनी आपापल्या बॅगा तिच्याभोवती रचल्या. माझीही होती, खोटं कशाला बोलू.

वरून दादाने गावी व्हिडिओ कॉल लावला. "आई जाम खूश आहे," म्हणाला. आई शंभरेक मजले खाली होती.

* * *

वहिनीला परक्या मुलखातलं जेवण सोसत नाही. म्हणून तिने सुके बोंबील नेले होते. भाजायचे कशावर? हॉटेलच्या खोलीत इस्त्री होती. ती उलटी धरून वहिनीने बोंबील भाजायला घेतले. चौथ्या बोंबलाला धुराचा अलार्म वाजला आणि अख्खं हॉटेल जिन्याने खाली आलं. गोरे, काळे, बायका, पोरं, सगळे फुटपाथवर. दादा लुंगीवर.

वहिनीच्या मुठीत रुमाल, रुमालात बोंबील. तिने त्या गर्दीकडे एकदा नाक मुरडून पाहिलं आणि मला म्हणाली, "ह्या लोकांना शिस्त म्हणून नाही."

* * *

दादाचे तीन ट्रॉलर आहेत. ते तो धक्क्यावरून बघतो. एका संध्याकाळी आम्हाला खाडीत बोटीवर जेवण होतं. पाणी एवढं शांत की ग्लासातलं सरबत हलत नव्हतं. वाढपी सूप घेऊन आला आणि दादाने कठडा गाठला. तासभर तिथेच होता. आई त्याची पाठ चोळत होती.

"ह्याचा बापूस वादळातनं होडी आणायचा," ती वाढप्याला म्हणाली. त्याला मराठी येत नव्हतं, पण मान त्याने समजून हलवली.

* * *

शेवटच्या दिवशी आई सकाळी सहालाच तयार होऊन बसली. कासोटा घट्ट, कपाळाला कुंकू, हातात रिकामी पिशवी. आम्ही मॉलमध्ये गेलो. "तासाभराचं काम, मग थेट बाजारात," दादा म्हणाला. तासाचे पाच झाले. आई एका कारंज्याजवळ बसली होती आणि तिच्याभोवती बॅगांची तटबंदी वाढत होती. मी दोनदा दादाला आठवण करून दिली. दुसऱ्यांदा तो वैतागला.

"अगं, दुबईत येऊन मासे काय बघायचे? लोक हसतील."

लाज वाटत होती त्याला, बाकी काही नाही. आणि मी गप्प बसले, त्याची मला अजून चीड येते. आईला उठवून टॅक्सीत घालायला मला कुणी अडवलं नव्हतं. तिथूनच आम्ही विमानतळावर गेलो.

* * *

काशी करून आलेल्याने मावंदं घालावं, अशी रीत आहे. दादाने दुबईचं घातलं! मांडव, केटरर, दोनशे पानं. गंगापूजनाची वेळ आली तेव्हा भटजींनी विचारलं, "गंगा कुठे आहे?" दादाने विमानात मिळालेली पाण्याची बाटली पुढे केली. भटजींनी क्षणभर विचार केला आणि बाटलीला हळदकुंकू वाहिलं.

मग आईला नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं आणि लोक रांगेने पाया पडले. तिच्यासोबत बाजारात बसणारी शेवंतीमावशीही आली होती. तिने विचारलं, "तिकडं म्हावरं कसलं मिलतं गो?" आईने मावशीचा हात धरून ठेवला.

दादाला हे ऐकू गेलं नाही. त्याने माइक हातात घेतला होता. "पुढच्या वर्षी आईला युरोप दाखवणार," त्याने जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर आई म्हणाली, "मला कशाला नेतंस? बॅगा हितंच आणून ठेव. मी ओटीवर बसून सांभाळतंय."