मोटारीला आगळ

वाडीत कुणाचा घोळणा फुटला किंवा कुणाच्या अंगावर पित्त उठलं, की माणसं आधी गोदाच्या पडवीत येत. ती फार बोलत नसे. आतून आगळाची बाटली आणी, कोकमाचा तो मिठात मुरवलेला गडद लाल रस पेल्यात ओती, वर पाणी घाली आणि म्हणे, "पी. थंडावा पडंल."

जगातल्या सगळ्या वस्तूंचे तिने दोनच भाग केले होते, उष्ण आणि थंड. गूळ, वांगं, सुकट हे उष्ण. सब्जा, वाळा, ताक हे थंड. आणि थंडांत थंड कोकम. एवढ्या शहाणपणावर तिने एक मुलगा, केरू, वाढवला होता. नवऱ्यापुढे मात्र ते चाललं नव्हतं. तो मुंबईच्या गिरणीत होता. तिथून खोकला घेऊन पालीला घरी परत आला आणि पावसाळा संपायच्या आत गेला. तेव्हा तिने मनाशी ठरवलं, केरूला मुंबईला पाठवायचं नाही. उपाशी राहू, पण इथं राहू.

म्हणून केरू हाताशी आल्यावर तीच रत्नागिरीला आप्पा रेडीज यांच्या दारात जाऊन बसली होती. आप्पांची कोल्हापूरपर्यंत उतारू नेणारी सर्व्हिस मोटार होती. "पोराला गाडीवर घ्या," ती म्हणाली. आप्पांनी घेतलं. आधी गाडी धुवायला, मग टायर बदलायला, आणि शेवटी चाक हातात दिलं. वाडीतल्या बायका म्हणत, "गोदे, नशीब काढलंस गो. पोरगा डायवर झाला." ती मान हलवी. घरापासून मैलभर अंतरावरून येणारी-जाणारी मोटार म्हणजे मुंबई नव्हे, एवढंच तिला कळत होतं.

कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट कसला असतो ते तिला माहीत नव्हतं. ते कळलं केरूचा हात भाजला तेव्हा.

मोटार जुनी होती. पायथ्याच्या साखरप्यापर्यंत ती गुणाने जायची, पण घाट चढायला लागली की पुढच्या रेडिएटरमधलं पाणी उकळायचं, झाकणाखालून शिट्टी निघायची आणि गाडी थांबवावी लागायची. थांबून पाणी निवू द्यायचं आणि मग झाकण काढून नवं भरायचं, ही रीत. पण कोल्हापूरला आगगाडी गाठायची असलेले उतारू तेवढा धीर धरत नसत. "काय रे, मोटार आहे की म्हैस? किती वेळ बसवून ठेवतोस!" असे टोमणे सुरू झाले की केरू फडकं घेऊन तापलेलं झाकण उघडायचा. त्या दिवशी उकळतं पाणी कारंज्यासारखं उसळलं. कुणीतरी मागून हाक मारली म्हणून त्याने मान वळवली होती, नाहीतर ते तोंडावरच आलं असतं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं सोलून निघालं.

चुन्याची निवळी आणि खोबरेल फेसून गोदा तो हात रोज माखायची, आणि माखताना तिची नजर हातावर नसायची. ती त्याच्या डोळ्यांकडे बघायची. धडधाकट, काळेभोर डोळे. बोटभर अंतराने वाचले होते.

"झाकण का उघडलंस रे?"

"आये, लोक ओरडतात. आप्पांकडं जाऊन सांगतात. आप्पा म्हणतात, गाडी येळेवर न्हाय पोचली तर दुसरा डायवर बघतो."

"मग बघू देत."

"मग मी मुंबईला जातो. जाऊ?"

एका बाजूला पोराचे डोळे, दुसऱ्या बाजूला गिरणी. या दोहोंच्या मधून ती त्या वर्षी रोज जात-येत राहिली. सकाळी मोटारीचा भोंगा ऐकू आला की हातातलं काम खाली ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी केरू परतेपर्यंत ते नीट उचलायची नाही.

मग मुंबईचा एक विक्रेता रत्नागिरीच्या मोटार स्टँडवर आला. त्याच्याकडे हिरव्या पुडीचे डबे होते. ही पूड रेडिएटरच्या पाण्यात टाकली की इंजिन तापतच नाही, असं त्याचं म्हणणं. स्टँडवरच्या अयूब मिस्त्रींनी पूड जिभेला लावून बघितली, थुंकली आणि म्हणाले, "घ्या आप्पा. सायबाच्या मुलखातला माल आहे, काहीतरी असेल त्यात." आप्पांनी घेतला. पहिले दोन-चार दिवस आभाळ होतं, वारा होता. मोटार निमूट चढली आणि सगळ्यांनी पुडीचे गोडवे गायले. मग ऊन पडलं, आणि केरू घरी येऊन म्हणाला, "आये, आता हिरवं पाणी उकळतंय. फेससुद्धा हिरवा."

गोदा चुलीपुढे बसली होती. तिने जळतं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "ती पूड थंड हाय का उष्ण?"

"पूड ती पूड, आये."

"म्हंजे कुणी बघितलंच न्हाय." ती उठली आणि आगळाची बाटली घेऊन आली. "हे घाल. यात मीठ कमी हाय."

केरू हसून हसून लोळला. "मोटारीला पित्त झालंय व्हय?"

"हस. पण ने."

त्याने बाटली नेली ती आईचं मन राखायला. आणि एका रणरणत्या दुपारी, घाटाच्या पायथ्याला, उतारू दमात घेत असताना त्याने ती खरोखरच रेडिएटरमध्ये ओतली. त्यानंतरच्या फेऱ्यांत पाणी काढलं की चहासारखं तांबडं निघे, आणि मोटार मात्र दिवसेंदिवस कमी तापत गेली. एके दिवशी केरू उंबऱ्यातूनच ओरडत आला, "आये, शिट्टीच मारलीन न्हाय! अख्खा घाट!"

त्या रात्री गोदा पुष्कळ दिवसांनी गाढ झोपली. स्टँडवर बातमी पसरली. दुसऱ्या मोटारींचे ड्रायव्हर पालीला थांबून विचारू लागले, "गोदाबाय, आमच्या गाडीला औषध द्या की." तिने दिलं. पैसे घेतले नाहीत. त्या सगळ्यांनाच घरी आया होत्या.

सुख पंधरवडाभर टिकलं. मग घाटाच्या मध्यावर केरूच्या मोटारीचा रेडिएटर चाळणीसारखा गळायला लागला. उतारू दुसऱ्या गाडीने गेले, आणि केरू एका ट्रकच्या मागे दोरीने बांधलेली मोटार घेऊन रत्नागिरीला आला. गोदा आमसुलं विकायला बाजारात गेली होती, तिला कळलं तशी ती स्टँडवर धावली. अयूब मिस्त्री रेडिएटर मांडीवर घेऊन भोकांना कथलाचा डाग देत बसले होते.

"गोदाबाय, बसा. रागवू नका," ते म्हणाले. "तुमच्या आगळानं आतला गंज खाल्लान. नळ्या मोकळ्या झाल्या, म्हणून चार दिवस पाणी बरं फिरलं. पण भोकं बुजवून धरली होती ती त्याच गंजानं. तो गेला आणि भोकं उघडी पडली. वर मिठानं जुने डागही कुरतडलेत."

"म्हंजे कोकम थंड न्हाय?"

"माणसाला असेल. लोखंडाला पाण्याहून थंड काय नाय. ती हिरवी पूडही नाय, मीच घ्या म्हणालो होतो, माझंच थोबाड रंगवा. हा रेडिएटर बदलायला हवा. नायतर थांबायचं, वारा खायचा, निवला की पाणी भरायचं. तिसरा रस्ता नाय."

आप्पा नवा रेडिएटर आणणार नव्हते. त्यांनी केरूला एवढंच सांगितलं, "डाग दिलाय ना? मग चालव. आणि परत वाटेत वेळ काढलास तर चावी इथं आणून ठेव."

म्हणजे सगळं होतं तिथंच आलं होतं. पूड गेली, आगळ गेलं, राहिलं ते झाकण आणि केरूचा हात.

गोदाने ती रात्र बसून काढली. आजवर कुणी काही घेऊन आलं की तिच्याकडे द्यायला काहीतरी असायचं. आज हात रिकामे होते. पहाटे तिने भाकऱ्या बांधल्या आणि मोटार पालीला थांबली तशी आत चढून बसली.

"आये, कुठं?"

"जिथं जातंस तिथं."

घाटात तिसऱ्या वळणाला शिट्टी वाजली. केरूने मोटार कडेला घेतली. मागून लगेच एक आंब्यांचा दलाल ओरडला, "अरे, माझी पुण्याची गाडी चुकेल! ओत पाणी आणि चल!" त्याला आणखी दोघांनी साथ दिली. केरूने फडकं उचललं.

गोदा खाली उतरली. ती मोटारीच्या नाकापुढे, रस्त्याच्या धुळीत, रेडिएटरकडे पाठ करून बसली. वाफ तिच्या पदराला लागत होती.

"आये, उठ. भाजंल."

"तू उघडलंस तर भाजंल. न्हायतर न्हाय."

"ही कोण बाई?" दलालाने विचारलं.

"याची आई," ती म्हणाली. "तुमची आगगाडी उद्याही हाय. याला डोळे दोनच हायत. बसा जरा."

दलाल काहीतरी पुटपुटला. कडेवर मूल घेतलेली एक बाई खाली उतरली आणि सावलीत जाऊन बसली, तसे एकेक करून बाकीचेही उतरले. खालून दरीतला वारा येत होता. गोदाने गुडघ्यांवर डोकं टेकलं. ती राखण करायला बसली होती, झोपायला नव्हे. पण कितीतरी दिवसांचा शीण अंगात होता, आणि तिचा डोळा लागला.

केरू फडकं हातात धरून उभा होता. आईला उठवायचं तर खांद्याला हात लावला की पुरे होतं. त्याने तिच्या अंगावरून पलीकडे झाकणाकडे बघितलं. वाफ हळूहळू विरत चालली होती. दलाल जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "उठव की तिला."

"तुम्ही उठवा," केरू म्हणाला.

दलालाने गोदाकडे बघितलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं, पदर धुळीत पडला होता. तो परत सावलीत जाऊन बसला आणि त्याने एक आंबा कापून त्या बाईच्या मुलाला दिला.

गोदाला जाग आली ती त्या मुलाच्या हसण्याने. उन्हाची तिरीप सरकली होती. तिच्या मागे पाण्याची गुळगुळ ऐकू येत होती. दचकून वळली तर केरू उघड्या रेडिएटरमध्ये डब्याने पाणी ओतत होता. वाफेचा धागासुद्धा नव्हता.

"उठलीस? चल, चढ."

"लई येळ झाला का रे?"

"झाला."

"आप्पांना काय सांगशील?"

केरूने झाकण बसवलं, हाताने पिळून घट्ट केलं. "सांगेन, आई निजली व्हती. उठवायला कुणाचा जीव झाला न्हाय."

"आणि पुढच्या फेरीला?"

उतारू आत चढून बसले होते, दलालही. केरूने तिला हाताला धरून उठवलं, तिच्या लुगड्यावरची धूळ झटकली. "तेव्हा मीच जरा पडेन त्या सावलीत," तो म्हणाला. "चावी मागितलीन तर देईन."

मुंबईचं नाव त्याने काढलं नाही, तिनेही काढलं नाही. मोटार वळणावरून वर निघाली. गोदा खिडकीशी बसून त्याच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत राहिली.