अमोलच्या घरची चौकशी

आधी सगळ्यांनी चहा संपवा बघू. नंतर ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. कारण मी जी माती खाल्लीय ना, ती ऐकताना तोंडात काही नसलेलंच बरं!

तर मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टीम लीडर. गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही. माझ्या हाताखाली अकरा पोरं, त्यातली नऊ बिनलग्नाची. हा आकडा लक्षात ठेवा असं तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? तेव्हा तो माझ्याच लक्षात नव्हता!

कंपनीनं मला दोन दिवस पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. विषय काय, तर टीमची कामगिरी कशी सुधारावी. अहो, काय ते ट्रेनिंग! तिथले सर म्हणाले, माणूस नीट काम करत नसेल तर त्याच्यावर ओरडू नका. मूळ शोधा. एकदा 'का' विचारून थांबू नका, पाच वेळा विचारा. मी तर भारावूनच गेले. परतीच्या एसटीत कंडक्टरला विचारलं, गाडीला उशीर का? त्यानं दुसऱ्याच 'का'ला हात जोडले.

आणि आल्या आल्या मला केस मिळाली. अमोल!

अमोल वाईट मुलगा नाही हो. एकतीस वर्षांचा, हातात कसब असलेला. पण चार महिने त्याचं काहीतरी बिनसलं होतं. सातच्या शिफ्टला साडेसातला यायचा, मशीनसमोर उभा राहून भलतीकडेच बघायचा आणि त्याचा माल तपासणीत नापास व्हायचा. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, महिनाअखेरीला त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. सुधारला तर पर्मनंट करू, नाहीतर नारळ."

मी अमोलला पाच वेळा 'का' विचारलं. पाचही वेळा एकच उत्तर, "काय न्हाई मॅडम."

म्हटलं, मूळ घरातच असणार. घरीच जायचं, तेही तो नसताना!

रविवारी सकाळी तो शेतावर असतो असं कळलं होतं, तेव्हाच निघालो रहिमतपूरला, त्याच्या घरी. सोबत आमचे हे. फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले, पिळदार मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. मीही जरा बरी साडी नेसले. शेवटी कंपनीच्या अब्रूचा प्रश्न! रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून अर्धा किलो कंदी पेढे घेतले.

आता तुम्हीच सांगा. रविवारची सकाळ, पन्नाशीचं जोडपं, हातात पेढे आणि समोरच्या घरात एकतीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा. तुम्हाला लगेच कळलं ना? मला नाही कळलं!

दारात अमोलची आई उभी होती, शालनताई. मी म्हटलं, "मी अमोलच्या कारखान्यातली, साताऱ्याची. अमोलबद्दल जरा माहिती हवी होती." त्यांनी आमच्या पेढ्यांकडं पाहिलं, ह्यांच्या मिशांकडं पाहिलं. मग शेजारच्या भिंतीवरून हाक मारली, "आवं बबनतात्या, पळा हिकडं! अमोलसाठनं पावणं आल्यात!"

बघा, किती अगत्य! मी ह्यांच्याकडं कौतुकानं पाहिलं.

"अमोलला फोन लावते," शालनताई म्हणाल्या. "उसाला पानी पाजाया गेलाय."

"नको, नको! त्याला काही कळू देऊ नका. मुलगा नसतानाच खरं काय ते समजतं."

"त्ये बी बराबर हाय," तात्या म्हणाले आणि पाय दुमडून ऐसपैस बसले.

मी वही उघडली. "सकाळी किती वाजता उठतो?"

"चारला!" शालनताई म्हणाल्या.

"व्यसन?"

"सुपारीचं खांड न्हाई तोंडात!"

"तब्येत?"

"परवा चिखलात रुतल्याली ट्राली एकट्यानं ढकलली की!" तात्यांनी स्वतःचा दंड दाखवला.

"राग वगैरे येतो का?"

"राग? आवं, मुंगी चावली तर तिलाच इचारंल, बाई, दात न्हाई न्हवं दुखला?"

माझं पेन थांबायला तयार नाही! असा हिरा माझ्या टीममध्ये, आणि साहेब म्हणतात नारळ? शेवटचा प्रश्न विचारला, "त्याचं पुढं काय व्हावं असं वाटतं तुम्हाला?"

त्या माउलीचे डोळे भरून आले. "चांगल्या मानसांच्या हातात पडावा. दुसरं काय मागनं न्हाई."

मलाही भरून आलं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "काळजी सोडा. अमोल आता माझी जबाबदारी!"

काय म्हणाले मी? हेच म्हणाले. जसंच्या तसं!

मग साजूक तुपातला शिरा आला. निघताना खणा-नारळानं माझी ओटी भरली. कामगाराच्या घरी टीम लीडरची ओटी! असली आपुलकी पुण्यात शिकवतात का?

आणि सोमवारी चमत्कार. अमोल सातला दहा कमी असताना हजर! आठवड्यात त्याचा एकही भाग नापास नाही. एवढंच नाही, बाकीची पोरंही पेटली. कधी नव्हे ते शर्ट खोचून यायला लागली. एकानं गुटखा सोडला आणि वर मला बजावलं, "मॅडम, सोडला बरं का. वहीत लिवा." मी लिहिलं की! दुसरा म्हणाला, "आमचं बी घर बघाया या की. स्लॅबचं हाय, वर दोन खोल्या काढल्यात." पाटणचा सुनील तर रोजच विचारायचा, "मॅडम, आमच्याकडं कवा? आई वाट बघतीया."

टीमला माझ्याबद्दल इतकं प्रेम! मी घरी येऊन ह्यांना सांगताना रडायचे. साहेबांनी विचारलं, "मॅडम, काय जादू केलीत?" मी पदर सावरून म्हटलं, "मूळ शोधलं, साहेब."

महिनाअखेर आली. दुसऱ्या दिवशी अमोलच्या पर्मनंटच्या कागदावर सही व्हायची होती. मी कॅन्टीनमध्ये पोरांबरोबर जेवत होते. सुनीलनं घसा खाकरला. "मॅडम, रागावू नगा. पर मुलगी किती शिकलीया?"

"कोणाची मुलगी?"

"तुमची."

"मला कुठली मुलगी? दोन मुलगेच आहेत मला."

एका पोराचा घास हातातच राहिला. गुटखा सोडलेला मुलगा माझ्याकडं असा बघत होता, की मला ताटात तोंड लपवावंसं वाटलं.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. पेढे! शिरा! ओटी! 'चांगल्या मानसांच्या हातात पडावा!' बबनतात्यांनी गावभर केलं असणार आणि तिथून ते कारखान्यात आलं असणार!

पायाखालची जमीनच सरकली हो. अमोल त्या आशेवर राबतोय. आज कळलं तर त्याचं मन मोडणार, कामावरून लक्ष उडणार आणि सही राहील बाजूला! पण गप्प बसायचं तरी कुठल्या तोंडानं? तशीच उठले, त्याच्या मशीनपाशी गेले आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं.

अमोलनं मशीन बंद केलं. हसला. "मला ठावं हुतं मॅडम. तुमचा थोरला आन् मी आयटीआयला एकाच बाकावर हुतो. तुमाला पोरगी न्हाई, ह्ये काय मला म्हाईत नसंल व्हय?"

"मग इतकं काम कशासाठी केलंस?"

"कंत्राटी पोराला कोन पोरगी देतंय? चौदा ठिकानी नकार आला. आई रोज सकाळी त्याच्यावरनं रडायची, मग कामात ध्यान कसं लागावं? तुमी येऊन गेला आन् आईचं रडनं थांबलं. मी लय दिसांनी सुखानं जेवलो, मॅडम. आईला मातर सांगू नगा, ती लय खुशीत हाय."

दुसऱ्या दिवशी सही झाली. अमोल पर्मनंट! पण त्या बाईला फसवून ठेवायचं? रविवारी पुन्हा ह्यांना घेऊन रहिमतपूर गाठलं आणि शालनताईंपुढं हात जोडून खरं ते सांगितलं.

त्या शांतपणे भरताचं वांगं सोलत होत्या. "आवं बाई, दुसऱ्याच दिशी भावाला साताऱ्याला धाडला हुता. तुमचं घर, तुमची दोन पोरं, समदं बघून आला. स्थळाची चौकशी केल्याबिगर आमी ऱ्हातो व्हय?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"पोरगं हुरूपानं कामाला जाया लागलं. म्हनलं, कशाला मोडा घाला? मी बी रडायची थांबले." मग इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाल्या, "अमोलला मातर सांगू नगा हं. त्येला वाटतंय मला काय म्हाईत न्हाई."

मी कशीबशी उठले. गाडीत बसल्यावर ह्यांना म्हटलं, "ऐकलंत? आई त्याच्यासाठी गप्प, तो आईसाठी गप्प. आणि मी मधल्यामध्ये मूळ शोधतेय!"

हे गाडी चालवता चालवता म्हणाले, "मला तर तुझ्या पहिल्याच प्रश्नाला कळलं होतं."

"काय! मग मला थांबवलं का नाहीत?"

"दोनदा पायानं ढोसलं की तुला. तू माझ्याकडं रागानं बघितलंस आणि वहीत काहीतरी खरडलंस."

घरी आल्या आल्या चप्पल न काढताच वही उघडली. अमोलच्या पानावर खाली, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'सोबतचे सदस्य चुळबुळ करतात, कामात लक्ष नाही. सुधारणेस वाव आहे.'