बोटं माझीच होती

"मेंढरं राखणाऱ्याच्या घरात दोन-दोन फोन? अन् दोन्हीवर हिचीच आयडी?"

आयोजक साहेबांनी हे माईकवर विचारलं. धाराशिवच्या त्या हॉलमध्ये पोरं खदाखदा हसली. मी स्टेजवर उभी. खाली पहिल्या रांगेच्या कडेला माझे आबा, खांद्यावर घोंगडं. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं तेरहून आलो होतो. मोबाईल गेमची जिल्ह्याची स्पर्धा होती. घरून खेळायच्या सगळ्या फेऱ्या जिंकून मी शेवटच्या सामन्याला पोचले होते. तो जिंकला की थेट राज्याच्या संघात.

आरोप असा, की मी माझी आयडी, म्हणजे गेममधलं माझं खातं, दुसऱ्याला खेळायला दिली. पुरावा काय? ती दोन फोनवर उघडलेली दिसते.

दिसणारच. आमच्या घरचा बरा फोन आबांबरोबर मेंढरांमागं जातो. खतासाठी शेतकरी रात्री आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतात, आणि हल्ली ते बोलावणं फोनवरच येतं. फोन घरी ठेवला तर मेंढरं बसवायची कुठं? म्हणून आबा रानात असले की मी चुलतीचा फोन घ्यायचे. त्याची काच तडकलेली. नेमकी डाव्या अंगठ्याखाली टोचायची. त्या काचेवर खेळले ती मीच. चुलतीला तर गेममधली बंदूक कुठली अन् झाडाची फांदी कुठली, तेही कळत नाही.

आबा उठून उभे राहिले. "व्हय सायेब, दोन फोन हायत. एक म्या नेतो मेंढरांमागं. मंग पोरगी तिच्या चुलतीचा घेती."

सरळ माणूस. खरं ते सांगितलं की समोरचा समजून घेतो, असं त्यांना वाटतं. साहेब माईकमध्ये म्हणाले, "झालं. बापानंच कबूल केलं." पुन्हा हशा. सगळे हसताहेत म्हणून आबाही हसले. त्यांचं ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते.

तेवढ्यात शेवटच्या सामन्यात माझ्यासमोर असलेला, ढोकीकडच्या बड्या बागायतदाराचा मुलगा आला. स्पर्धेच्या फलकावर त्याच्या वडिलांचाच फोटो. उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी, सोबत एक अनोळखी तरुण.

"बोटाला लागलंय. माझ्या आयडीवर हा खेळेल."

"चालेल, चालेल. बसा तुम्ही," साहेब म्हणाले.

तो बसला आणि त्याच पट्टीच्या अंगठ्यानं मोबाईलवर भराभरा काहीतरी लिहायला लागला. मला वाटलं, आता तरी कुणी बोलेल. सगळा हॉल नुसता बघत होता.

मीच विचारलं, "साहेब, मग हे काय आहे?"

"त्यांची अडचण आहे. तू केलीस ती फसवणूक."

मग मला सांगण्यात आलं, माईकवर माफी माग, पुढच्या वर्षी खेळू देऊ. नाहीतर कायमची बंदी. खालून आबांनी हात जोडले. साहेबांना नाही, मला. "मागून टाक माय. मोठी माणसं हायत."

मी माईक घेतला.

"आयडी दुसऱ्याला खेळायला देणाऱ्याला बाहेर काढायलाच पाहिजे. त्याच्यामुळं खरं खेळणारा घरी जातो. पण फोन मोजू नका, बोटं बघा. मला आत्ता इथं सगळ्यांसमोर खेळवा. त्यांनाबी पट्टी सोडून खेळवा. ज्याची बोटं खोटी निघतील, त्याला कायमचं काढा. माझी निघाली तर मला."

माईक बंद केला गेला. मी तेच पुन्हा, नुसत्या आवाजात, पार मागच्या रांगेपर्यंत ओरडून सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मला कायमची बंदी बसली. पट्टीवाल्याच्या गळ्यात हार पडला.

बसमध्ये आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माफी मागितली असती तर काय बिघडलं असतं गं?"

"तुम्ही खोटं बोललात असं झालं असतं, आबा."

गावं गेली, रान गेलं. तेर आल्यावर त्यांनी घोंगडं झटकलं आणि उतरले.

पुढं हॉलमधली ती गोष्ट गावोगाव बोलली जायला लागली, तसा साहेबांचा माणूस घरी आला. पोरीनं माफी मागितली तर बंदी उठवू म्हणाला. आबा मेंढरांना पाणी पाजत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "न्हाय मागायची ती," म्हणाले, आणि दुसरी बादली उचलली.

मी अजून खेळते, त्याच तडकलेल्या काचेवर. पुढची स्पर्धा लागेल तेव्हा मी त्या हॉलच्या दारात उभी राहणार. आत घेवोत, न घेवोत. माझ्यावरची बंदी उठवा, असं मी म्हणणार नाही. तीच बंदी त्या पट्टीवाल्यावर घाला, एवढंच म्हणणार. आणि ती घातल्याशिवाय दारातून हलणार नाही.